फोनला माझा आवाज ओळखू येईना

मागच्या महिन्यात इथल्याच, अमेरिकेतल्या एडिसनहून एका अनोळखी बाईंचा फोन आला. त्यांच्या भावाला जीबीएस, म्हणजे नसा बिघडून सगळं अंग लुळं पाडणारा आजार, झालाय, तो आयसीयूत आहे, आणि मराठी मंडळाच्या कुणीतरी त्यांना माझा नंबर दिला होता. त्यांनी बरंच काही विचारलं. किती दिवस लागतात, फिजिओ कधी सुरू होतो, इन्शुरन्सवाले त्रास देतात का. खरा प्रश्न मात्र त्यांनी फोन ठेवता ठेवता विचारला. "त्याला आत काय वाटत असेल हो? तो बोलू शकत नाही ना, म्हणून तुम्हाला विचारते."

मला तेव्हा धड उत्तर देता आलं नाही. "घाबरला असेल. त्याच्याजवळ बसा," एवढंच म्हणाले. फोन ठेवल्यावर वाटलं, आपण निदान नीट सांगायला हवं होतं. म्हणून हे लिहिते आहे. औषधं आणि तपासण्या डॉक्टर सांगतील. मला त्यातलं कळत नाही. मला त्या आजारातली भीती माहीत आहे, आणि तीच सांगणार आहे. आज मी माझ्या पायांनी चालते, स्वयंपाक करते, गाडी चालवते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना धीर सुटणार नाही.

जिना

आम्ही तेव्हा अमेरिकेतच, मॉरिसव्हिलला राहत होतो. मिलिंद, माझा नवरा, एका टेलिफोन कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करायचा. मी दुसऱ्या एका कंपनीत टेस्टिंगला होते. आमची ईशा पाच वर्षांची होती आणि नुकतीच किंडरगार्टनला जायला लागली होती. आम्ही दोघं नागपूरचे. माझी आई नाही. बाबा नागपूरला एकटे राहायचे. वन खात्यातून रिटायर झालेले, आणि आदल्याच वर्षी त्यांची बायपास झाली होती.

सुरुवात अगदी फालतू होती. पोट बिघडलं, बरं झालं. मग थोड्या दिवसांनी पायाच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. मला वाटलं, नवीन बूट चावतायत. मी जुने बूट घातले. मुंग्या घोट्यापर्यंत आल्या.

शनिवारी सकाळी धुतलेल्या कपड्यांची बास्केट घेऊन मी जिना चढत होते आणि गुडघा नुसता दुमडला. दुखलं नाही, मुरगळलं नाही. जणू तो माझा नव्हताच. मी खाली बसले, बास्केट उलटली, सगळ्या पायऱ्यांवर मोजे आणि टॉवेल. ईशाला वाटलं मी गंमत करतेय. ती खिदळायला लागली. मीही हसले. मग उठायला गेले तर उठता येईना.

इमर्जन्सीत एका तरुण डॉक्टरने तपासलं. अंगातलं पाणी कमी झालंय, विश्रांती घ्या म्हणाला. आम्ही खुशीत घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मला टूथपेस्टची ट्यूब दाबता आली नाही. मी मिलिंदला हाक मारली. तो दारात आला, त्याने माझे हात बघितले, आणि गाडीची किल्ली शोधायला लागला. किल्ली त्याच्याच हातात होती.

हातोडी

न्यूरोलॉजिस्ट एक उंच, सावकाश बोलणारी बाई होती. तिने रबरी हातोडीने माझ्या गुडघ्यावर मारलं. पाय उडाला नाही. तिने पुन्हा मारलं, जरा जोरात. मी पायाकडे बघतच नव्हते, तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. तिसऱ्यांदा न मारता तिने हातोडी खिशात टाकली आणि स्टूल ओढून माझ्या उशाशी बसली. डॉक्टर बसून बोलायला लागले की आपण समजून जायचं, हे मी तिथे शिकले.

"यातून बहुतेक लोक बरे होतात," ती म्हणाली. "पण बरं व्हायच्या आधी हे वाढतं. वर चढत जातं. कुठे थांबेल ते आम्हाला आधी सांगता येत नाही."

"वर म्हणजे कुठपर्यंत?" मी विचारलं.

तिने स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

ती गेल्यावर मिलिंद उठून खिडकीपाशी गेला. मग म्हणाला, "बाबांना काय सांगायचं?"

"काही सांगू नकोस. व्हायरल आहे, घसा बसलाय म्हण."

"शुभा, हे किती दिवस चालेल माहीत नाही."

"त्यांचं हार्ट आहे. ते एकटे आहेत. त्यांनी तिथे बसून काय करायचं?"

तो हो म्हणाला. मला सुटल्यासारखं वाटलं. कुणीतरी एक माणूस असं आहे ज्याला अजून काहीच झालेलं नाही, ज्याच्या डोक्यात मी अजून धडधाकट आहे, याचा मला आधार वाटत होता.

बटण

आयसीयूत दर थोड्या वेळाने कुणीतरी येऊन मला एका नळीत जोरात फुंकर मारायला सांगायचं. प्रत्येक वेळी आकडा कमी यायचा. ते मला आकडा सांगत नसत. "गुड जॉब, शूबा," म्हणायचे. मला शूबा म्हणायचे सगळे. पण 'गुड जॉब' म्हणायच्या आधी एक क्षण जायचा, आणि तो क्षण दर वेळी लांबत चालला होता.

मग एका दुपारी ते म्हणाले की आता मशीनला श्वास घेऊ दे, तू दमली आहेस. मिलिंदने माझा हात धरला होता. मला तो दिसत होता, पण त्याचा हात जाणवत नव्हता. झोपेचं औषध चढताना मला एकच वाटत होतं की ईशाचं जॅकेट शाळेत राहिलंय ते कुणीतरी आणा.

जाग आली तेव्हा घशात नळी होती आणि आवाज नव्हता. एडिसनच्या ताई, तुम्ही विचारलंत ना आत काय वाटतं? आत सगळं चालू असतं. डोकं पूर्ण जागं असतं. ऐकू येतं, खाज येते, तहान लागते, नाकावर केस आलेला कळतो. फक्त तुमच्याकडून बाहेर काहीच जात नाही. नर्सला बोलवायचं बटण इतर पेशंटच्या हातात असतं. माझे हात गेले होते, म्हणून त्यांनी माझ्या गालाशी एक मऊ पॅड बांधलं. मान जरा वळवली, गालाने दाबलं की घंटा वाजायची. पहिल्या दिवशी मला ते केवढं मोठं काहीतरी मिळाल्यासारखं वाटलं.

आणि मग ते पॅड घसरलं. माझ्या डोळ्याच्या कोपऱ्यातून मला ते उशीवर दिसत होतं. चार बोटांवर असेल. बाहेर काउंटरपाशी दोघीजणी कुणाच्या तरी बेबी शॉवरबद्दल बोलत होत्या. नळीत कफ साठला होता आणि मशीन खरखरायला लागलं होतं. मी डोळे मिटत होते, उघडत होते. काचेतून कुणी बघितलं असतं तर त्याला वाटलं असतं, बाई आरामात पडल्या आहेत.

मशीनचा अलार्म वाजला, त्या धावत आल्या, सगळं नीट झालं. फार वेळ गेला नसेल. पण त्यानंतर मी झोपायला घाबरायला लागले. डोळे मिटले की पॅड घसरेल असं वाटायचं.

या सगळ्यात मला ग्लोरिया भेटली. दिवसपाळीची नर्स. ती काहीही करायच्या आधी सांगायची. "आता मी तुझा डावा हात उचलतेय. आता कूस बदलणार. आता गार लागेल." बाकीचे चांगलेच होते, पण अंगावर हात आल्यावर कळायचं की काहीतरी होतंय. ग्लोरिया आधी सांगायची. एकदा तिने कोमट पाण्याने माझे केस धुतले, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेना. तिने विचारलं नाही का रडतेस म्हणून. टॉवेलने डोळे पुसले, मग केस पुसले. पेशंटजवळ बसणाऱ्यांना मी आता हेच सांगते. काय करणार आहात ते आधी बोला. आणि बटण कुठे आहे ते बघितल्याशिवाय खोलीबाहेर जाऊ नका.

दॅट्स नॉट माय मॉम

हळूहळू आजार ओसरायला लागला. श्वास परत आला, मशीन सुटलं, नळीसाठी नंतर गळ्याला पाडलेलं भोक बुजत आलं. मला दुसऱ्या मजल्यावर रिहॅबमध्ये, म्हणजे हातपाय पुन्हा चालवायला शिकवतात तिथे, हलवलं. मिलिंद ईशाला पहिल्यांदा घेऊन आला.

चेहऱ्याच्या नसाही गेल्या होत्या, त्यामुळे मला हसता येत नव्हतं. ओठ मिटत नव्हते. मी तिला बघून डोळ्यांनी जेवढं हसता येईल तेवढं हसले. ती दारातच थांबली. मग बापाच्या पँटमध्ये तोंड खुपसून म्हणाली, "दॅट्स नॉट माय मॉम."

मिलिंद रागावला. तिच्यावर नाही, माझ्यावर. "काहीतरी बोल ना तिच्याशी!" मी बोलले. "ईशू, इकडे ये," असं म्हणायचं होतं. जे निघालं ते मलाच परकं वाटलं, नाकातून आल्यासारखं, घोगरं. ती रडायला लागली आणि तो तिला उचलून बाहेर घेऊन गेला.

त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही. त्याची सगळी रजा संपली होती. नोकरी गेली तर व्हिसा जाणार होता, व्हिसा गेला तर माझा इन्शुरन्स जाणार होता. तो सकाळी ईशाला सोडायचा, ऑफिसला जायचा, संध्याकाळी तिला शाळेनंतरच्या आफ्टर-केअरमधून घेऊन माझ्याकडे यायचा, घरी जाऊन तिला जेवू घालायचा. आणि रविवारी बाबांना फोन करून खोटं बोलायचा. एकदा तो माझ्यासमोरच बाबांशी बोलत होता. "हो बाबा, घसा अजून बसलेलाच आहे. हो, गुळण्या करते." फोन ठेवल्यावर त्याने दोन्ही हातांनी चेहरा झाकला आणि तसाच बसून राहिला. मला त्याच्या पाठीवर हात ठेवायचा होता.

अगं

घरी सोडायच्या आधी थेरपिस्ट लिंडा एक चपटी काळी पेटी घेऊन आली. हात न लावता, नुसत्या आवाजावर चालणारा फोन. स्पीकर होता, माइक होता. ठरलेला शब्द म्हटला की तो जागा व्हायचा आणि एका अमेरिकन बाईच्या आवाजात विचारायचा, कुणाला फोन लावू? मग आपण नाव सांगायचं. त्याला भाषा कळत नव्हती. आपण आधी नाव म्हणून ठेवायचं, तो तो आवाज साठवायचा, आणि पुढे तसाच आवाज आला की साठवलेला आवाज ऐकवून नंबर फिरवायचा.

"म्हणजे कुठलीही भाषा चालेल," लिंडा म्हणाली. "तुला जागं करायला कुठला शब्द आवडेल? ओठ लागणार नाहीत असा शोध."

मी विचार केला आणि म्हटलं, "अगं."

मिलिंद हसला. किती दिवसांनी हसला होता. "बायको आहे का ती माझी दुसरी?"

मग नावं भरली. ओठ मिटत नसल्यामुळे मिलिंदचं इलिंद झालं. काकू मात्र स्वच्छ आलं. या बर्वे काकू, आमच्याच कॉम्प्लेक्समध्ये मुलाकडे राहणाऱ्या. दुपारच्या वेळी माझ्याजवळ बसायचं त्यांनी आपणहून कबूल केलं होतं. इमर्जन्सीसाठी हेल्प हा शब्द होता, तो हेल एवढाच निघायचा. आणि बाबांचं आआ. तेव्हा परदेशी स्वस्तात फोन करायच्या कॉलिंग कार्डांचे दिवस होते. कार्डाचा नंबर, पिन, मग नागपूरचा नंबर अशी भलीमोठी माळ मिलिंदने त्यात बसवली. म्हणजे मला रविवारी स्वतः बाबांशी दोन शब्द बोलता येतील आणि त्यांना संशय येणार नाही.

सकाळी आराम झालेला असताना शिकवलेला फोन संध्याकाळी मला ओळखत नसे. "सॉरी, प्लीज रिपीट," म्हणायचा. मिलिंद त्याच धंद्यातला. तो म्हणायचा, "शुभा, प्रत्येक वेळी सेम आवाज काढ यार. तू चिडतेस, आवाज बदलतो, त्याला मॅच सापडत नाही."

"चिडू नको तर काय करू?" मी म्हणायचे.

लिंडा एकदा हळूच म्हणाली होती की घाबरलेला आवाज मात्र आपल्याला आधी रेकॉर्ड करून ठेवता येत नाही. मी तेव्हा त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही.

दुपार

घरी येऊन थोडे दिवस झाले होते. खांदे जरा हलायला लागले होते, बोटं नाही. सकाळी एजन्सीची बाई येऊन आंघोळ घालून, खायला घालून जायची. मग काकू यायच्या. त्या दुपारी त्यांना सुनेचा फोन आला. नातवाला शाळेत ताप भरलाय, सून मीटिंगमध्ये आहे, शाळेतले ताबडतोब घेऊन जा म्हणतायत.

"मी अर्ध्या तासात येते गं," काकू म्हणाल्या. "राहशील ना?"

"जा हो. फोन आहे ना," मी म्हटलं.

त्यांनी व्हीलचेअर फोनसमोर आणली, पट्टा नीट बघितला, किल्ली घेऊन गेल्या. मी टीव्ही बघत होते. कधी ते कळलं नाही, पण एक पाय खालच्या पाटावरून घसरला. त्याच्या वजनाने कंबर पुढे सरकली. मग आणखी थोडी. पोटावरचा पट्टा बरगड्यांखाली रुतला, मान पुढे पडली आणि हनुवटी छातीत दबली. मला मागे सरकता येईना. प्रत्येक श्वास निम्माच आत जात होता.

पहिल्यांदा मी शांतपणे म्हटलं, "अगं."

फोन जागा झाला. "हू वुड यू लाइक टू कॉल?"

"काकू."

"सॉरी, प्लीज रिपीट."

हनुवटी दाबली गेल्यामुळे आवाज वेगळाच येत होता. "काकू. काकू!"

"सॉरी."

"हेल."

"सॉरी, प्लीज रिपीट."

थोडा वेळ काही जुळलं नाही की तो आपणहून बंद व्हायचा. एक बारीकशी बीप वाजली आणि दिवा गेला. त्या बीपला मी अजून विसरले नाही. मी पुन्हा अगं म्हटलं. दिवा लागला नाही. पुन्हा म्हटलं. स्वतःला सांगत होते, सेम आवाज, सेम आवाज, घाबरू नकोस. पण घाबरू नकोस असं म्हणून कुणी घाबरायचं थांबतं का? छातीत तेच सुरू झालं होतं जे नळीच्या आधी व्हायचं. मला स्पष्ट वाटलं की हे असंच होणार. आयसीयूतून वाचून आपल्याच हॉलमध्ये, टीव्हीसमोर, एका पट्ट्यामुळे.

कधीतरी दिवा लागला. "हू वुड यू लाइक टू कॉल?"

"इलिंद. इलिंद..."

"सॉरी, प्लीज रिपीट."

मग माझं संपलं. मी कुणाचंच नाव घेतलं नाही. नुसती विव्हळले. आई गं म्हणायचं होतं, तेही पुरतं निघालं नाही. आ, आ, एवढंच आलं.

आणि त्या पेटीतून माझाच आवाज आला. सकाळचा, निवांत, हॉस्पिटलमध्ये रेकॉर्ड केलेला. "आआ." मग ती बाई म्हणाली, "कॉलिंग." आणि नंबर फिरायला लागला. ती लांबलचक माळ.

मला ते कळलं तेव्हा मी आणखीच घाबरले. नागपूरला फोन लागून काय होणार होतं? तिथे सगळे झोपलेले. खूप वेळ घंटी वाजली.

"हॅलो? कोण आहे?"

"आआ..."

"शुभा?" झोपेतला आवाज एका क्षणात जागा झाला. "शुभा, काय झालं? नीट बोल."

"श्वास..."

"जवळ कोण आहे?"

"कुणी नाही."

"मिलिंद?"

"ऑफिस."

  मग ते म्हणाले, "ऐक. मी आता फोन ठेवतो आणि मिलिंदला लावतो. ठेवल्याशिवाय लावता येणार नाही. फोन ठेवला म्हणजे मी गेलो नाही. कळलं? लगेच परत करतो."

"नको. ठेवू नका. आआ, ठेवू नका!"

"शुभा, ठेवतो," ते म्हणाले, आणि ठेवला.

इतकं एकटं मला आयसीयूतसुद्धा वाटलं नव्हतं. टीव्हीवर युद्धाच्या बातम्या चालू होत्या. मी एकेक श्वास ओढत होते आणि तो दिवा बघत होते.

फोन वाजला. येणारा फोन घ्यायला शब्द लागत नसे, कसलाही आवाज चालायचा. मी ओरडले.

"मिलिंद निघाला," बाबा म्हणाले. "अँब्युलन्सला सांगितलंय त्याने. त्या काकूंना पण. आता तू बोलू नकोस. मी बोलतो. मी इथे पुढच्या खोलीत उभा आहे. दिवा लावलाय. समोरच्यांचं कुत्रं भुंकतंय, ऐकू येतंय तुला? माझ्यामुळे भुंकतंय. छोटा श्वास घे. मोठा नको. छोटा. मी इथेच आहे."

ते बोलतच राहिले. काय बोलत होते ते मला सगळं आठवत नाही. पाण्याची मोटर बिघडली होती त्याबद्दल काहीतरी होतं.

मग दारात किल्ली फिरली. काकू आत आल्या, माझ्याकडे बघून त्यांच्या तोंडून एक किंकाळी निघाली, आणि त्या लहानखुऱ्या बाईने माझ्या काखेत हात घालून मला ओढून वर घेतलं. हवा आत गेली. पाठोपाठ सायरन ऐकू आला. दोन माणसं आली, त्यांनी तोंडावर ऑक्सिजन लावला आणि काकूंना भराभर विचारायला लागले. पॅरालिसिस कधीपासून आहे? व्हेंटिलेटरवर किती दिवस होती? गळ्यावरची ही खूण कसली? काकू मोडक्यातोडक्या इंग्रजीत, रडत रडत सगळं सांगत होत्या. आयसीयू, नळी, हात नाही चालत, पाय नाही चालत, चालता येईल की नाही डॉक्टर सांगत नाहीत.

फोनचं कुणाच्याच लक्षात नव्हतं. मधेच खोलीत जरा शांतता झाली, आणि त्या पेटीतून आवाज आला.

"कुणी मला सांगेल का, ती जिवंत आहे का?"

काकूंनी दचकून इकडेतिकडे बघितलं. मग फोनजवळ वाकून म्हणाल्या, "आहे हो. आहे. श्वास घेतेय. मी तिच्याजवळच आहे."

 मग तिकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

त्यानंतर

मला दोन रात्री हॉस्पिटलमध्ये ठेवलं आणि घरी सोडलं. मिलिंदने बाबांना फोन केला तेव्हा मी शेजारीच होते. बाबांचा राग मला स्पीकरशिवाय ऐकू येत होता.

"मला सांगितलं असतं तर मी मेलो असतो, असं वाटलं तुम्हाला?"

"बाबा, तुमची तब्येत..."

"माझ्या तब्येतीची काळजी मला करू दे. मी दर रविवारी तिच्या घशासाठी गुळण्या सांगत होतो रे. हळद सांगत होतो."

 मग जरा हळू आवाजात म्हणाले, "तू तिथे एकटा सगळं बघत होतास. तुलाही कुणी विचारलं नाही. जेवलास का आज?" आणि मिलिंद, जो आजारपणात माझ्यासमोर एकदाही रडला नव्हता, तो तिथेच, फोन कानाला लावून हमसाहमशी रडला. ईशा त्याच्या मांडीवर जाऊन बसली. थोड्या वेळाने ती माझ्याकडे आली आणि माझ्या बोटांना बोट लावून बघितलं. "डज इट हर्ट?" तिने विचारलं. नाही म्हटल्यावर तिने माझा हात उचलून आपल्या डोक्यावर ठेवला. तो घसरला. तिने पुन्हा ठेवला.

ज्यांच्या घरी असा फोन असेल त्यांना एक सांगते. तो फक्त सकाळी शिकवू नका. दमलेले असताना शिकवा, पडून शिकवा, मान वाकडी करून शिकवा. आम्ही नंतर तसं केलं. एका नावाला चार-चार आवाज दिले. इमर्जन्सीचा शब्द बदलून आम्ही नुसता आ केला. आणि तरीही माणसाला एकटं सोडू नका. यंत्र ऐकतं ते त्याला माहीत असलेलंच ऐकतं.

भीती मात्र लगेच गेली नाही. खूप दिवस मी पट्टा बांधू देत नसे. काकू बाथरूमला गेल्या तरी मला घाम फुटायचा. डॉक्टर म्हणाली, हे होतं, बऱ्याच जणांना होतं, आणि तिने त्यासाठीही कुणाशी तरी बोलायला पाठवलं. तिकडे जायची मला लाज वाटत होती. वाटू देऊ नका. जा.

बाबांना व्हिसा मिळायला वेळ लागला. तिकडच्या डॉक्टरने प्रवासाला परवानगी दिली, नको नको म्हणत. ते आले तेव्हा वसंत होता, डॉगवुडच्या झाडांना पांढरी फुलं लागली होती. एअरपोर्टवर मी व्हीलचेअरवर होते. मला वाटलं होतं ते खचतील. ते आले, माझ्यासमोर उकिडवे बसले, माझे दोन्ही पाय हातात घेतले आणि घोट्यापासून गुडघ्यापर्यंत दाबून बघितले, जसं लहानपणी मी सायकलवरून पडल्यावर ते बघायचे. मग मिलिंदला म्हणाले, "चल, गाडी कुठे लावलीस?"

दुसऱ्या दिवशी सगळे आपापल्या कामाला गेले. मी हॉलमध्ये होते, बाबा आत काहीतरी करत होते. थोडा वेळ काहीच आवाज आला नाही.  मी हाक मारली.

"बाबा?"

"आहे," आतून आवाज आला.

थोड्या वेळाने मी पुन्हा हाक मारली. मग पुन्हा. त्यांनी काय हवंय असं विचारलं नाही, बाहेर येऊन बघितलं नाही, कंटाळलेही नाहीत. त्या दुपारी मी किती वेळा हाक मारली असेल, देव जाणे. प्रत्येक वेळी स्वयंपाकघरातून तेवढंच आलं.

"आहे."

मग मला झोप लागली.